सरकारी भिंत

मारुतरावांची अठरा वर्षं फौजेत गेली, त्यातली अकरा छावणीच्या गोल्फ मैदानावर. गवत कापलं, साहेबांच्या बॅगा वाहिल्या आणि नुसतं बघून खेळ असा उचलला की भल्या भल्या कर्नलांनी मान डोलवावी. हवालदार म्हणून पेन्शन घेतली, तरी दिल्लीच्या एका क्लबात बॅगाच वाहत होते. आता त्या क्लबाला नवशिक्यांना शिकवणारा माणूस हवा होता. नेमणूक सक्सेना साहेबांच्या हातात, आणि सक्सेना म्हणजे आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीतल्या विलास चिटणिसांचे बॉस.

“पंधरा दिवसांत मला तयार करा, मारुतराव. सरांसोबत खेळायचंय. तुमचं काम मी सरांच्या कानावर घालतो, बिल्कुल.”

चिटणिसांनी सरावासाठी मागवलेले हात बांधायचे परदेशी पट्टे मारुतरावांनी बाजूला सारले. घरातला एक टॉवेल मागितला आणि चिटणिसांच्या बायकोच्या, हेमलताबाईंच्या, पोछ्याचा दांडा. टॉवेल छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत दाबायचा. पडला की हात अंगापासून सुटले समजायचं. दांडा जमिनीवर, नेमाच्या रोखानं, आणि पाय त्याच्या बाजूनं.

“एवढंच. बाकी सगळं दुकानदाराचं पोट भरायला.”

समोरच्या पार्कात जाऊन पाण्याच्या टाकीवर नेम धरा, असंही बजावलं. पण क्लास वन अधिकारी काखेत टॉवेल धरून पार्कात? शेजारचे काय म्हणतील? चिटणीस साहेबांनी परसात चादर टांगली, तिच्यावर खूण केली आणि दांडा कुंपणाच्या भिंतीला समांतर टाकला.

आठवड्यानं मारुतराव आले. एक डोळा मिटून बघितलं.

“साहेब, भिंत तिरकी आहे. दांडा खुणेकडं जातच नाही. हात वाकडं शिकतायत.”

“सरकारी भिंत आहे ती, हवालदार. नकाशा पास झाल्याशिवाय वीट लागत नाही.”

“म्हणूनच कूलरचं स्टँड तिथं कधी नीट बसलं नाही,” आतून हेमलताबाई म्हणाल्या.

“तू चहा टाक.”

कागदावरची रेघ ज्याला डोळ्यापेक्षा सरळ दिसते, त्याला देव आला तरी काय शिकवणार?

रविवारी क्लबात सक्सेनांसोबत खेळ सुरू झाला, चिटणिसांची बॅग मारुतरावांच्या खांद्यावर. पहिला चेंडू डावीकडे झाडीत गेला. दुसऱ्या होलला डावीकडे. तिसऱ्याला डावीकडच्या तळ्यात. फटका सुरेख, जायचा मात्र भिंतीनं शिकवलेल्या वाटेनं.

सक्सेना हसले. “चिटणीस, आपको सिखाया किसने?”

चिटणिसांनी हनुवटीनं मारुतरावांकडे खूण केली. “इन्होंने, सर. देसी जुगाड, टॉवेल और डंडा.” मग मराठीत, दबक्या आवाजात, “सॉरी म्हणा. मी नंतर सांभाळून घेतो.”

सॉरी म्हटलं तर शिकवलेलं खोटं. न म्हटलं तर नोकरी गेली.

“साहब, मैंने टंकी पर निशाना बताया था,” मारुतराव सक्सेनांना म्हणाले. “ये दीवार से सीखे. दीवार टेढ़ी है.”

चिटणिसांचे कान लाल झाले. “बॅग उचला आणि चला.”

मारुतरावांनी बॅग खांद्यावरून उतरवली. गवतावर आडवी ठेवली, पुढच्या झेंड्याच्या अगदी रोखानं.

“पाय हिच्या बाजूनं ठेवा,” ते म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले.

अठरांतले अजून पंधरा होल बाकी होते. सक्सेनांची बॅग उचलायला माणूस होता. चिटणिसांची उचलायला चिटणीसच उरले.