उणे वीस

मुदत म्हणजे मुदत, असं रादोस्तिना कोलारोवा, म्हणजे सगळ्यांची रादा, वर्गात म्हणायची आणि पोरं गालातल्या गालात हसायची, कारण पुढचं त्यांना पाठ होतं. दुसऱ्याच्या प्रोग्रामात घुसखोराला शिरता येईल असं भगदाड सापडलं की आधी मालकाला गुपचूप कळवायचं. बुजवायला तीन महिने द्यायचे. मग सगळं जगापुढे छापायचं, म्हणजे बाकीचे शहाणे होतात. मालक आणखी वेळ मागणारच, आणि तो द्यायचा नाही.

हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. तरुणपणी तिने विजेच्या मीटरमध्ये असंच एक भगदाड शोधलं होतं. कंपनी म्हणाली, महिनाभर थांबा. ती थांबली. कंपनी म्हणाली, आणखी एक. असं करत दोन वर्षं गेली, भगदाड चोरांनाही सापडलं, आणि कंपनीने खापर फोडलं ते हिच्याच डोक्यावर. चोरांना शिकवलं कुणी, तर म्हणे या बाईने. कोर्टात खेटे घालून ती सुटली, पण तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. पुढची वीस वर्षं वार्नाच्या विद्यापीठात तिने मोठमोठ्या कंपन्यांना घाम फोडला, पण एका दिवसाची सवलत कुणाला दिली नाही. लोक तिला खडूस म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

तिचं शेवटचं काम घरं तापवणाऱ्या यंत्रांवरचं. आमच्याकडे घरं तापवायचं गरम पाणी सबंध गावाला एकाच बॉयलरघरातून येतं. इमारतीच्या तळघरात एक पेटी असते, ती बाहेरची थंडी मोजते आणि किती पाणी वर सोडायचं ते ठरवते. या पेटीला कुणीही बाहेरून खोटी थंडी सांगू शकतो आणि बिचारी ती खरी मानते, हे रादाने दाखवून दिलं. उपायही तिनेच लिहिला. आकडा पटण्यासारखा नसेल तर तो घुसखोराचा समजायचा, आणि माणूस येऊन बघेपर्यंत पाण्याची झडप बंद ठेवायची. नमुना म्हणून दहा-बारा ओळींचा प्रोग्रामही तिने लेखात जोडला, आणि छापण्याआधी तो नियमाप्रमाणे कंपनीला पाठवला.

पेटी बनवणाऱ्या कंपनीत तिचा जुना विद्यार्थी होता, ओग्न्यान. हुशार, जरा भिडस्त. त्याची आई नेदा डोंगराकडच्या चेर्नी ब्रेग या कोळशाच्या गावात एकटी राहायची आणि दर शरदात भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या पोराच्या बाईंसाठी न चुकता पाठवायची. डिसेंबरात, मुदत संपत आली तेव्हा, ओग्न्यानचा फोन आला.

"बाई, दोन आठवडे वाढवून द्या."

"साहेब शेजारी उभे आहेत का तुझ्या?"

"आहेत. पण मी माझ्या मनाने मागतोय. दुरुस्ती लिहून झालीय, पण खऱ्या थंडीत चालवून बघितलेली नाही."

"मीटरवालेही असंच म्हणायचे. वर्गात तूच सगळ्यात जास्त हसायचास त्यांना."

"हसायचो," तो म्हणाला. "बरं, बाई. ठेवतो."

रादाला त्याची कीव आली. साहेबांनी पोराला पुढे केलं, असं ती धरून चालली. यात तिचा स्वार्थ अगदीच नव्हता असंही म्हणता येणार नाही. लेख ठरल्या तारखेला आला तर वसंतात प्राध्यापकपदाच्या मतदानाला तो उपयोगी पडणार होता, आणि पन्नाशी उलटली तरी ते पद तिला हुलकावणी देत होतं. पण ती थांबली नाही ती त्यासाठी नव्हे. वीस वर्षांत दोन आठवडे मागणारा एकही माणूस तिला खरा भेटला नव्हता.

लेख छापून आला. कंपनीने घाईघाईने दुरुस्ती सगळीकडे पाठवली. जानेवारीत डोंगराकडे कडाका पडला आणि चेर्नी ब्रेगमधल्या झडपा एकामागून एक बंद झाल्या. माणूस येऊन बघेपर्यंत, असं रादाने लिहिलं होतं खरं, पण त्या बर्फात माणूस यायला दोन दिवस लागले. नेदाने खिडक्यांना घोंगड्या लावल्या, तळघरातून कोळसा आणला आणि एका जुन्या घमेल्यात पेटवून उशाशी ठेवला. धुराने ती झोपेतच गेली.

कंपनीने जाहीर केलं की एका कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा झाला, त्याला काढून टाकलं आहे. नावही सांगितलं, ओग्न्यानचं. टीव्हीवर मात्र रादाचा फोटो झळकला. या बाईंनी आधीच धोक्याची सूचना दिली होती, कुणी ऐकली नाही, असं निवेदक कळवळून सांगत होता. तपासणाऱ्यांनी तिलाच तज्ज्ञ म्हणून बोलावलं आणि पेटीतला प्रोग्राम तिच्यासमोर ठेवला. तिने तो उघडला. तिच्याच दहा-बारा ओळी होत्या, अक्षर न बदलता उतरवलेल्या. पटण्यासारख्या थंडीची खालची हद्द, उणे वीस. समुद्रकाठच्या वार्नात जन्म काढलेल्या बाईला उणे दहा म्हणजे डोक्यावरून पाणी, म्हणून नमुन्यात तिने उणे वीस टाकलं होतं, सहज. नमुना तो नमुनाच, प्रत्येकजण आपापला आकडा घालेल, असं आपल्या धंद्यात सगळेच धरून चालतात. त्या रात्री चेर्नी ब्रेगमध्ये उणे तेवीस होतं. खरी थंडी पेटीला घुसखोर वाटली.

नेदाच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला ती चेर्नी ब्रेगला गेली. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेली. पोरगा आईवेगळा झाला होता, नोकरी गेली होती, आणि आता आपल्याच गावात आईला मारणारा म्हणून तोंड लपवत होता. त्यातलं निदान शेवटचं तरी तिला पुसून टाकायचं होतं.

जिन्यातल्या दारावर नेदाच्या फोटोचा, ती गेल्याचं कळवणारा काळ्या चौकटीचा कागद चिकटवलेला होता. ओग्न्यान त्याच्यापाशीच उभा होता, आत जायला बिचकत असल्यासारखा. रादाने त्याला तिथेच गाठलं.

"तो आकडा माझा होता, ओग्न्यान."

"माहीत आहे, बाई."

"कधीपासून?"

"उतरवतानाच. डोळ्यात खुपला होता. म्हणून तर दोन आठवडे मागितले." तो कागदाकडे बघत बोलत होता. "नाही म्हणालात, मग वेळच उरला नाही. म्हटलं, बाईंनी लिहिलंय म्हणजे तपासूनच लिहिलं असेल."

मी आत सगळ्यांना सांगणार आहे, असं ती म्हणाली. त्याने नको म्हणून बघितलं. मतदान तोंडावर आलंय, दोघांनी कशाला बुडायचं, असं काहीतरी पुटपुटला. तिने ऐकलं नाही.

आत टेबलावर गेलेल्या माणसाच्या नावाने वाढतात ते उकडलेले गोड गहू, पाव, वाइन, आणि भोवती जिन्यातले सगळे शेजारी. शेजारच्या पेना काकूंनी रादाला बघताच उठून दोन्ही हातांनी तिचे हात धरले. टीव्हीवरच्या बाई त्या याच, असं सगळ्यांना सांगितलं. तिला मधली खुर्ची मिळाली. ओग्न्यान दाराजवळच्या स्टुलावर बसला, त्याच्याच घरात, आणि त्याच्यापुढे बशी कुणी सरकवली नाही.

रादा उभी राहिली. कंपनी खोटं बोलतेय, म्हणाली. चूक माझी आहे, पेटीतला आकडा मी लिहिला, मी घाई केली, या पोराने वेळ मागितला तो मी दिला नाही. तिने एकही शब्द गाळला नाही.

पेना काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बघा," त्या बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या. "शिकवलेल्या पोरावर किती माया असावी माणसाची."

"काकू, माया नाही. खरं सांगतेय."

"असू दे, बाई, असू दे. आम्हाला कळतं." मग त्या दाराकडे वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "आणि तू रे? आई गेली ती गेली, आता या माउलीच्या पदराआड लपतोस? हे वदवून घेववतं तरी कसं तुला यांच्याकडून?"

कोपऱ्यातला एक म्हातारा खाणकामगार हळूच थुंकल्यासारखं करून खिडकीकडे वळला. रादा पुन्हा सांगायला लागली, सुरुवातीपासून, उणे वीस म्हणजे काय, झडप म्हणजे काय. जितकं सांगावं तितके ते माना हलवत होते आणि तिच्याकडे अधिक मायेने बघत होते. पेना काकूंनी तिच्या बशीत गव्हाचा ढीग वाढला आणि चमचा हातात दिला.

ती तशीच उभी राहिली. ओग्न्यान स्टुलावरून उठला, तिच्याजवळ आला आणि खुर्ची तिच्यामागे नीट सरकवली.

"खाऊन घ्या, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही जितकं बोलाल तितकं यांच्याकडून मलाच ऐकून घ्यावं लागेल."