सोळा ठिपक्यांची उंची

काकांच्या देखत पुतणीनं बटण दाबलं आणि भिंतीवरच्या काळ्या पाटीवर पिवळ्या ठिपक्यांचा ‘क’ उजळला. कागदावर देखणं दिसणारं अक्षर पाटीवर चक्क सुजलं होतं. पोटातली मोकळी जागा उजेडानं भरून गेली होती.

बसच्या पाट्यांसाठी ती सोळा ठिपके उंचीची अक्षरं घडवत होती, जुन्या व्हिडिओ गेममध्ये असत तशी, पायऱ्यापायऱ्यांची. बस कंपनीचा माणूस चार वाजता येणार होता. पण तिचा जीव अडकला होता भलतीकडेच. शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या तिच्या काकांचा हात दोन वर्षांपूर्वी थरथर कापायला लागला, तेव्हा त्यांनी ब्रश माळ्यावर टाकले आणि वर तोंडालाही कुलूप लावलं. त्यांचं वळण या अक्षरांत उतरावं, एवढंच तिला हवं होतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, “हा पोरखेळ तुझा तू कर.” आज ‘नुसतं बघायला चला’ म्हणून तिनं त्यांना कसंबसं आणलं होतं.

काका दारापर्यंत मागे सरकले. डोळे बारीक करून पाहत राहिले.

“पांढऱ्या कागदावर काळ्यानं काढलंस ना?”

“हो.”

“काळ्यावर पिवळं फुगतं. एवढं शिकवलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.”

“मग कुठले ठिपके काढून टाकू?”

“आतले.”

“आतले म्हणजे कुठले? दाखवा ना.”

तिनं चौकटींचा कागद आणि पेन्सिल पुढे केली. काकांनी हात खिशात घातला.

“माझी रेघ सरळ येत नाही आता. माहीत आहे तुला.”

“रेघ कोण मागतंय, काका? चौकटी तर भरायच्यात.”

काका कुरकुरत बसले. एकेक चौकट भरताना पेन्सिल शेजारच्या तीन चौकटींत हिंडून येत होती. अर्ध्या तासानं कागदावर नुसते कोंबडीचे पाय उमटलेले. ते चुरगाळणार, तोच पुतणीनं कागद ओढून घेतला. कुठली चौकट त्यांनी भरायला घेतली आणि कुठली मुद्दाम सोडली, ते तिला नीट कळत होतं. लहानपणापासून तिनं तो हात पाहिला होता. तिनं एकेक ठिपका संगणकावर टिपला आणि पुन्हा बटण दाबलं.

‘क’ मोकळा उभा राहिला. उजवीकडचं वळण थेट काकांचं, थोडं ऐटीत खाली उतरणारं. कुठेही थरथर नव्हती. 

काका पाटीजवळ गेले. त्यांनी वळणावरून बोट फिरवलं.

“हे मी काढलं?”

“मग काय मी?”

काका पाटीपासून वळले. मग खुर्ची टेबलाशी ओढून बसले.

“‘ख’ पण फसलाय तुझा. कागद दे,” ते म्हणाले. “आणि त्या माणसाला फोन कर. म्हणावं, आज नको, सोमवारी या.”