पाणी गाळायची वेळ

टेबलावर शालनबाईंच्या छातीचा नवा एक्स-रे पडला होता. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी, ओल्या भिंतीवर उमटावा तसा एक पांढुरका डाग. डॉ. सिमरनने पेन खाली ठेवले आणि आवाज आणखी उतरवून पुन्हा विचारले,

"सर, काकूंना काल किती चालवलंत?"

श्रेणिक पाटील खिडकीबाहेर पाहत राहिले. बत्तीस वर्षे त्यांनी शाळांच्या मैदानांवर शिट्टी वाजवली होती. त्यांतली बारा दहिवडीला, जिथे हीच सिमरन सहावीत असताना रडत रडत फेऱ्या पुऱ्या करीत असे. आता ती सांगलीत छातीच्या विकारांची डॉक्टर होती, आणि उत्तर चुकलेल्या मुलासारखे सर तिच्यासमोर बसले होते.

"धा मिनिटं," शालनबाई म्हणाल्या. "जास्त न्हाई."

हे खोटे त्यांच्या ओठांवर इतक्या सवयीने आले, की श्रेणिकांना खोट्यापेक्षा ती सवयच बोचली.

"पाऊण तास," ते म्हणाले. "नदीच्या बंधाऱ्यापर्यंत आणि परत. मध्ये थांबू दिलं नाही."

"घड्याळ लावून?"

"घड्याळ लावून."

"शिट्टी तेवढी घरी राह्यली, बाई," शालनबाई हसल्या, आणि हसता हसता खोकल्या. "न्हाईतर मला रांगेत हुबं केलं असतं."

वर्षभरात हा तिसरा आजार होता. होळीच्या सुमारास कमरेवर नागीण उठली. पावसाळ्यात दीड महिना न हटलेला खोकला. आणि आता न्यूमोनिया, नऊ दिवस दवाखान्यातली खाट. घरी सोडताना कागदावर लिहिले होते : ताकद येईल तसे रोज थोडे चालणे. श्रेणिकांनी त्यातला फक्त शेवटचा शब्द वाचला होता. एकोणीस वर्षे त्यांनी पहाटेचे चालणे चुकवले नव्हते आणि त्या एकोणीस वर्षांत त्यांना कधी अंथरूण धरावे लागले नव्हते. जे आपल्याला फळले ते बायकोला लवकरात लवकर, भरघोस द्यावे, एवढाच त्यांचा गुन्हा. त्याच संध्याकाळी तिला पुन्हा ताप चढला.

"ताप चालण्यामुळंच आला, असं मी म्हणणार नाही," सिमरन म्हणाली. "पण आजारातून उठलेल्या शरीराला असं ताणलं, तर उरलीसुरली ताकदही त्यात जाते. सर, रोगाशी झगडणाऱ्या पेशी एरवी पोटातल्या प्लीहेत, रक्तवाहिन्यांच्या कडेला बसून असतात. माणूस चालायला लागला की त्या उठतात, रक्तातून सगळीकडं फिरून पाहतात, आणि दोन-तीन तासांत आपापल्या जागी परततात. म्हणून तर रोज चालायचं. महिन्याचं चालणं एका दिवसात उरकत नाही."

श्रेणिकांनी मान हलवली.

"ताप उतरल्यावर, आधी पाच मिनिटं. सहज बोलता येईल इतक्या संथ चालीनं. मग आठवड्या-आठवड्यानं वाढवा. लसही आपण देऊ. पण काकू, असंच बसून राहिलात आणि पुन्हा न्यूमोनिया झाला, तर या खेपेसारखं नऊ दिवसांत सुटणार नाही. तुम्हाला ते झेपेल की नाही, मला सांगता येत नाही." तिने कागद पुढे ओढला. "कधी चालाल? सकाळी?"

"सकाळी कसं? पाणी गाळायचं असतंय. हे साडेपाचला फिरायला गेलं की मी आडाचं पाणी वडती, गाळती. मग बस्तीत दर्शनाला. परत येऊन ह्यांचा नाष्टा."

"मग संध्याकाळी?"

"आमा जैनांचं दिवस मावळायच्या आत जेवाण व्हाया पायजे की. हे पोरांना खेळवून मैदानावरनं येत्यात तवर ताट तयार लागतंय."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. आपल्या समडोळी गावाहून सांगलीला कुठल्या एस.टी.ने यायचे ते कुणी सांगावे, तसे त्यांनी सांगितले. सिमरनने सरांकडे पाहिले. सर एक्स-रेकडे पाहत होते. दिवसाचे दोन थंड, मोकळे तास. दोन्ही त्यांनी स्वतःच्या पायांसाठी घेतले होते, आणि दोन्ही वेळा घरात शालन कामाला उभी होती हे त्यांना आज कळत होते.

*

आठ दिवसांनी, ताप पुरता गेल्यावर, श्रेणिक अंधार विरळ होण्याआधी उठले. नदीकडे न जाता ते परसात, आडाशी गेले; शालनच्या आजारपणात शेजारीण पाणी भरून जात असे. दोर सोडला, पाणी ओढले, घागरीच्या तोंडावर जाड फडके दुहेरी करून अंथरले. पाणी त्यातून मऊ आवाज करीत उतरले. काम झाले तेव्हा मैदानावर नवा खेळ जमावा तसा आनंद त्यांना झाला. त्यांनी फडके दोन्ही हातांनी घट्ट पिळले आणि दोरीवर टाकले.

शालनबाई मागल्या दारात उभ्या होत्या.

"पिळलं?"

"हो. दोनदा."

त्या पायरी उतरून आल्या, दोरीवरचे फडके काढून त्यांनी तळहातावर पसरले, जखम पाहावी तसे पाहिले.

"पिळायचं नसतंय," त्या हळूच म्हणाल्या. "पाण्यातलं बारीक जीव ह्याला चिकटत्यात. गाळलेलंच पाणी वरनं सोडायचं, आन् ते पाणी जिथलं तिथं, आडात."

भाद्रपदात, दशलक्षण पर्वात, श्रेणिक दरवर्षी बस्तीत, गावच्या जैन मंदिरात, अहिंसेवर बोलत. न दिसणाऱ्या जिवांविषयी त्यांची वाक्ये लोकांना पाठ होती. पण ते जीव रोज पहाटे त्यांच्याच परसातून कसे घरी परततात, हे त्यांनी पाहिले नव्हते. अडतीस वर्षे हे बाईंच्या हातून चालले होते : एकालाही न दुखवता सगळ्यांना माघारी पोचवणे. आणि तशाच न दिसणाऱ्यांपैकी काही बाईंच्या छातीत येऊन बसले, तेव्हा त्यांना उठवून लावण्याइतके बळ त्या शरीरात शिल्लक राहिले नव्हते.

"मला माहीतच नव्हतं," श्रेणिक म्हणाले.

"कसं असंल? तुमी त्या टायमाला नदीवर."

दुसरी घागर त्यांनी मिळून भरली. भालाफेकीत मुलांचे खांदे सरळ करणारे त्यांचे हात त्या ओल्या फडक्याला घाबरत होते.

"पालथं धरा. आवं, पालथं! आता वरनं धार सोडा. हळू. ही काय शर्यत हाय व्हय?"

"जमलं का?"

"जमंल. पोरांना दहा-दहा येळा करून घेत हुता न्हवं? तसंच."

छोटी बादली दोराने आडात उतरली. पाण्याला टेकल्यावर शालनबाईंनी ती कलती करायला सांगितली. खालून जेमतेम ऐकू येईल असा आवाज आला. पूर्वेला उजाडत होते. बाईंनी पदराला हात पुसले आणि मग त्या हातांचे काय करावे ते त्यांना सुचेना. आजारपणाचे दिवस सोडले, तर अडतीस वर्षांत या वेळी ते कधी रिकामे नव्हते.

श्रेणिकांनी आणलेले नवे बूट दाराशी तसेच होते. बाईंनी आपल्या चपला पायांत सरकवल्या.

"पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "तुमी यायचं न्हाई. आलासा की पळवतासा. आजून दोन घागरी हायत्या, त्या गाळा."

श्रेणिकांनी मनगटावरचे घड्याळ काढून आडाच्या कठड्यावर ठेवले. त्या फाटकापर्यंत पोचल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी पाठमोऱ्या शालनला असे बाहेर जाताना पाहिले नव्हते. नेहमी तेच जात, आणि ती दारात असे.

"शालन," त्यांनी हाक मारली. हातातले फडके ठिबकत होते. "एवढी वर्षं... मलाही चालायचं आहे, असं एकदा तरी का नाही म्हणालीस?"

फाटकाच्या कडीवर शालनबाईंचा हात थांबला. त्यांनी पदर खांद्यावर नीट ओढून घेतला, कडी काढली, आणि बोळातून त्या नदीच्या बाजूला निघाल्या. सहज बोलता येईल इतक्या संथ चालीने.