मासोळ्यांच्या टाकीतल्या स्पंजाचं गाऱ्हाणं

मी स्पंज बोलतोय. भांडी घासायचा नव्हे. अड्याळला वासुदेवरावांच्या घरी, समोरच्या खोलीत मासोळ्यांची काचेची टाकी आहे ना, तिच्या कोपऱ्यात उभा असतो तो काळा स्पंज. माझ्या पोटातून एक नळी जाते, तिला बाहेरची हवेची मोटर जोडलेली, आणि माझ्या डोक्यावरून सारखे बुडबुडे निघत असतात. घरी येणारा पाहुणा मासोळ्या बघतो, रंगीत खडे बघतो. माझ्याकडे बोट दाखवून विचारतो, हे काळं काय? त्याला उत्तर मिळतं, "काही नाही, फिल्टर होय."

काही नाही म्हणे!

भंडाऱ्याच्या एका दुकानात मी पिशवीत बंद होऊन खिळ्याला लटकत होतो. वासुदेवरावांचा मुलगा सचिन मला टाकीसकट घेऊन आला, तो त्याच्या आईसाठी. सुशीलाबाईंना लकवा झाला होता. उजवं अंग लुळं पडलं, जिभेवरचे शब्द गेले. जन्मभर धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी केलेली बाई खाटेवर पडून चिडचिड करायची. टीव्ही लावला की डाव्या हातानं बंद करा म्हणून खुणावायची. टाकी आली आणि तिची नजर मासोळ्यांच्या मागे फिरू लागली. शेंदरी रंगाची एक मासोळी तर तिची लाडकीच. ती काचेशी आली की सुशीलाबाई बोट टेकवायच्या.

माझं मात्र त्या घरात काम काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. मासोळ्यांची घाण पाण्यात विरघळते आणि तिचं विष होतं. पाणी वरून काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण आत मासोळीचे कल्ले जळत असतात. या विषावर जगणारे बारीक जिवाणू असतात. ते हळूहळू माझ्या छिद्राछिद्रात येऊन राहिले. त्यांना यायला, स्थिरावायला आठवडे लागले. मी काळा, गिळगिळीत, मळकट दिसू लागलो. माझा तो मळ म्हणजेच माझी वस्ती होती. तिच्यावरच सगळ्या टाकीचा जीव होता.

मग हिवाळ्यात मासोळ्यांचे पंख कुजू लागले. कडा पांढऱ्या झाल्या, शेपट्या झिजल्या. सचिननं दुकानातून जंतू मारायची पिवळी पावडर आणली. माणूस वाईट नाही तो. आईसाठी जीव टाकतो. पण त्याला सगळं भरपूर करायची सवय. पुडीवर लिहिलं होतं त्याहून जास्त पावडर त्यानं टाकीत ओतली आणि म्हणाला, "अर्धं काम कायले करायचं?" मग त्याची नजर माझ्यावर पडली. एवढा घाणेरडा स्पंज, रोग यातूनच आला असणार! मला उपसून त्यानं नळाखाली धरलं. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा वास येत होता. वरून कपड्याचा साबण. पिळून पिळून मला गच्चीवर उन्हात ठेवलं.

मी ओरडू शकत नव्हतो. औषधाला वाईट जंतू कोणता आणि चांगला कोणता हे कळत नाही, ते समोर येईल त्याला मारतं. उरलेसुरले साबणानं गेले, त्यातून वाचले ते उन्हानं. संध्याकाळी मला परत टाकीत ठेवलं तेव्हा मी नव्यासारखा दिसत होतो. सगळे म्हणाले, आता कसं स्वच्छ वाटते.

पुढच्या काही दिवसांत मासोळ्या पाण्यावर तोंड काढून आ वासू लागल्या. एकेक करून उलट्या तरंगल्या. शेवटी शेंदरी मासोळी तेवढी राहिली. सचिन म्हणाला, औषध नकली निघालं. वासुदेवराव म्हणाले, थंडी फार पडली. सुशीलाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवायलाही इकडे वळेनात. मी तिथेच होतो, रिकामा. आणि माझं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं.

पहिल्यांदा नीट विचार केला तो सचिनच्या बायकोनं, ज्योत्सनानं. टाकीचं थोडं थोडं पाणी बदलत ती त्या एका मासोळीला जगवत होती. एक दिवस ती सचिनला म्हणाली, "आईले दवाखान्यात जड गोळ्या देल्या तवा पोट बिघडलं होतं ना? डॉक्टरनं दही खायले सांगितलं. मले वाटते, टाकीचं बी पोटच बिघडलं." मग मोबाइलवर वाचून तिनं खात्री करून घेतली, की माझ्यातले चांगले जिवाणूच मेले होते. एवढी साधी गोष्ट, पण ती कळेपर्यंत किती जीव गेले!

माझ्यातली वस्ती पुन्हा बसायला फार काळ गेला. ती बसते न बसते तोच शेंदरीचं शेपूट परत कुजलं. सचिन पुडी घेऊन टाकीशी आला. ज्योत्सनानं त्याचा हात धरला. "टाकीत नोका टाकू. बिमार मासोळी आहे, टाकी नाही." तिनं मासोळी प्लास्टिकच्या टबात काढली, औषध मोजून टबातच दिलं. तिथं फिल्टर नव्हता, म्हणून रोज पाणी बदललं आणि दरवेळी औषध तेवढंच पुन्हा घातलं. टाकीत मी एकटा बुडबुडे काढत होतो. माझ्यातले जिवाणू उपाशी मरू नयेत म्हणून ती चिमटीभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकायची; ते कुजलं की त्यांचं पोट भरायचं. सचिन हसायचा. सुशीलाबाई मात्र हळूहळू इकडे वळल्या आणि टबाकडे टक लावून बघत बसल्या.

शेंदरी बरी होऊन टाकीत परतली. सगळ्या घरानं पुडीचं कौतुक केलं. माझं नाही. असो.

आज सकाळी सिहोऱ्याहून सचिनच्या बहिणीचा, मोनाचा फोन आला. तिनंही टाकी घेतलीय, तिच्या मासोळ्यांचे पंख झडताहेत. ज्योत्सना बाजारात गेली होती. सचिन ऐटीत सांगू लागला, पिवळी पावडर आण, आख्खी पुडी टाक, फिल्टर साबणानं चकचकीत कर. मी ऐकत होतो आणि नुसते बुडबुडे सोडत होतो. त्या परक्या गावातल्या स्पंजासाठी माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात सुशीलाबाईंनी डाव्या हातानं खाट बडवली. "ट... ट..." सचिनला वाटलं, टीव्ही हवा. त्यानं लावला. त्यांनी पुन्हा खाट बडवली. टीव्ही बंद केला, पाणी दिलं, उशी सरकवली. शेवटी वैतागून त्यानं फोनच त्यांच्या कानाला लावला.

"टबात," सुशीलाबाई म्हणाल्या. श्वास घेतला. "टबात काढ, मोना. टाकीत... नोको."

पलीकडून मोना रडत होती. मासोळ्यांसाठी नाही, लकवा झाल्यापासून आईच्या तोंडून तिनं आपलं नाव ऐकलं नव्हतं.

सिहोऱ्यात पुढे काय होतं ते मला कळायचं नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर एवढं ऐका. औषध बिमार मासोळीला वेगळ्या भांड्यात द्या. मला धुवायचंच असेल तर टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात हलकं पिळा आणि लगेच परत ठेवा. मी मळकट दिसलो तर दिसू द्या.