घरच्या केळ्यांचा दर

१९८२ साली आमच्या कंपनीला अठरा हजार रुपये नफा झाला आणि घरात पेढे वाटले गेले. मी पेढा खाल्ला, मग नफातोटा पत्रक वाचलं आणि तो पेढा घशाशी आला.

कंपनी म्हणजे फार मोठं काही नव्हे. मुंबईजवळच्या निर्मळ गावात आमची राजेळी केळ्यांची वाडी. माझे सासरे तुळशीदास आणि चुलतसासरे दयाराम यांनी सहा वर्षांपूर्वी सुकेळी करायची प्रायव्हेट लिमिटेड काढली होती. पिकलेली केळी सोलायची, बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात वाळवायची, रोज उलटायची, संध्याकाळी झाकायची आणि तयार झाली की केळीच्या सुक्या पानात बांधून मुंबईच्या मिठाईवाल्यांना पाठवायची. भागधारक तिघे: सासरे, काका आणि माझा नवरा हिरामण. मी बी.कॉम., लग्नाआधी फोर्टमध्ये हिशेब खात्यात नोकरी केलेली. पण इथे माझं काम एवढंच, की कागद फाइलला लावायचे आणि सभेचं इतिवृत्त लिहायचं. सून शिकलेली आहे हे पाहुण्यांना सांगायला बरं असतं.

त्या पत्रकात विक्री बेचाळीस हजार होती. खर्चात मजूर, गाडीभाडं, शेडची डागडुजी, सगळं नीट मांडलेलं. फक्त कच्च्या मालापुढे दोन हजार रुपये. वर्षभर गाड्या भरून सुकेळी गेली आणि केळी दोन हजारांची? ती तर बाहेरून घेतलेली किरकोळ केळी. बाकीचे सगळे घड आमच्या वाडीतले, आणि घरच्या घडाला दर लावणं आमच्याकडे कमीपणाचं मानतात. देवळात घड द्यावा, शेजाऱ्याला द्यावा, मग आपल्याच कंपनीकडून पैसे घ्यायचे? सीएला ज्या पावत्या मिळाल्या त्या बघून त्याने सही केली. जिची पावतीच नाही ती गोष्ट त्याला कोण सांगणार?

एवढ्यावर थांबलं असतं तर मीही गप्प बसले असते. पण या नफ्याच्या जोरावर काकांनी गरम हवेचं वाळवणी यंत्र घ्यायचं ठरवलं होतं. दीड लाखाचं कर्ज, त्यापोटी सासऱ्यांची वाडी गहाण, सोमवारी सही. यंत्राला तिप्पट केळी लागणार होती, आणि तिप्पट केळी आमच्या वाडीत लागत नाहीत.

मी सासऱ्यांना ओटीवर गाठलं. "बाबा, हा नफा खरा नाही. आपली केळी बाजारात विकली असती तर सव्वीस हजार आले असते. ते धरले तर कंपनी आठ हजारांनी तोट्यात आहे."

सासऱ्यांचा चेहरा उतरला नाही, पारा चढला. "घरच्या मालाला दर लावायचा म्हणजे घर वेगळं काढायचं. तुझ्या माहेरी असेल तशी रीत."

माहेर काढलं की माझं डोकं फिरतं. पण वाडी जाणार होती, माझ्या रागाचं काय एवढं! मी गिळला. आत सासूबाई केळी सोलत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "जाऊ दे गो. पुरुषांचा कारभार तो." मी म्हटलं, "आई, जाऊ दिलं तर वाडीच जाईल." त्यांनी सालं बाजूला सारली आणि पुढचं केळं हातात घेतलं. त्यांना पटलं की नाही, काही कळलं नाही.

रविवारी दुपारी ओटीवर सभा बसली. काकांनी पुढच्या हंगामाच्या केळ्यांसाठी नंदाखाल गावच्या पीटरला बोलावलं होतं. त्याची राजेळीची मोठी बाग. सासूबाई आणि काकांची बायको मथुराकाकू दाराशी बसल्या, मी इतिवृत्ताची वही घेऊन खांबाला टेकले. काकांनी यंत्राचं चित्र सगळ्यांना दाखवलं. हिरामणही खुशीत होता. यंत्राला त्याचाही होकार होता, म्हणून मी सकाळपासून त्याच्याशी बोलत नव्हते.

"पीटर," मी मध्येच विचारलं, "केळी काय भावाने देशील?"

"बाजारात जो भाव तोच की वहिनी," पीटर हसला. "तुम्ही शेजारी, म्हणून गाडीभाडं नाय घेनार."

"आणि फुकट दिलीस तर?"

"माझी बायको मला घरात घेनार नाय."

सगळे हसले. सासरेही हसले, आणि हसता हसता थांबले. केळ्याचा माणूस तो. बागेकडे नजर टाकून किती घड निघतील ते सांगणारा. त्यांनी बोटांवर अंगठा फिरवायला सुरुवात केली. पीटरचा भाव, तिप्पट घड, वर बँकेचं व्याज. त्यांचा अंगठा मध्येच अडला. मग माझ्याकडे हात केला, "तो नफ्यातोट्याचा कागद दे इकडे."

काका चिडले. "दादा, नफा तर झाला ना? पैसे आले ना हातात? आज घरच्या केळ्याला दर लावते, उद्या आईच्या दुधाला लावील ही!"

"पैसे आले, काका," मी म्हटलं. "पण ते वाडीतून आले, कंपनीतून नाही. वाडी सहा वर्षं कंपनीला पोसते आहे. आता तीच गहाण टाकून वर बाहेरची केळी विकत घ्यायची म्हणजे पोसणारीलाच विकायचं."

"मग बंद करायची कंपनी?" सासऱ्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, भीती होती. मला त्यांचा पहिल्यांदाच कळवळा आला.

"मुळीच नाही. चालवायची, पण नीट. केळी फुकट म्हणून आपण सुकेळी वीस रुपये किलोने देतो. दिवाळीआधीच सगळी संपते, तरी मिठाईवाले मागतच राहतात. तीस केली तरी नेतील. एक वर्ष खऱ्या खर्चावर चालवू. घरच्या केळ्यांना दर, घरच्या बायकांना मजुरी. तरी नफा राहिला तर यंत्राचं मीच सांगेन."

"बायकांना मजुरी!" काकांनी मांडीवर हात मारला. "ऐका!"

तेवढ्यात दारातून आवाज आला. "किती होते गो माझी?"

सासूबाई होत्या. सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या. केळ्याच्या चिकाने काळी पडलेली बोटं पदराला पुसत त्यांनी परत विचारलं, "सहा वर्षांची. शेडवरच्या बायकांना देता त्या दराने."

मी ते काढून ठेवलं होतं. वहीच्या मागच्या पानावरचा आकडा वाचला, "अकरा हजार."

मथुराकाकूंनी आपली बोटं बघितली.

"वहिनी," काका चुचकारत म्हणाले, "कंपनीकडे एवढे रोख आता कुठे उरलेत?"

"रोख नको. त्याचे शेअर द्या माझ्या नावावर."

"तुला काय कळतं शेअरमधलं?" सासरे म्हणाले.

"मी जे फुकट दिलं तो तुमचा नफा झाला," सासूबाई म्हणाल्या. "एवढं कळलं."

काकांनी यंत्राच्या चित्राची घडी केली. सासरे बायकोकडे वळले. सोमवारी बँकेत न्यायचे कागद त्यांच्या मांडीवर होते. पेन उघडंच होतं. त्यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि वाडीबद्दल त्यांनी सासूबाईंना काही विचारल्याचं निदान मी तरी ऐकलं नव्हतं.

"मग काय म्हणतेस?" त्यांनी विचारलं. "टाकू गहाण?"

"नाही," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. शेअर अजून सासूबाईंच्या नावावर झाले नव्हते, तेव्हा कायद्याने त्यांचं मत मोजता येत नव्हतं. सीए मला रागावला असता. रागावू दे. मी वहीत लिहिलं: 'वाडी गहाण ठेवण्याचा ठराव नामंजूर. विरोध, सौ. नर्मदा तुळशीदास राऊत.' वही सासऱ्यांपुढे केली. त्यांनी दोनदा वाचलं, टोपण परत काढलं आणि खाली सही केली.