कुणाच्याच घरी न गेलेली गाडी

मित्रांनो, मला चाकं चार, दारं चार आणि पोटात सहा सिलिंडरचं दणकट इंजिन. पण घर मात्र एकही नाही. मी शोरूममधली गाडी. विकत घेण्याआधी लोक जी चालवून बघतात ना, ती. आता माझं वय झालं आहे. वर्कशॉपच्या मागच्या उघड्या शेडमध्ये, झिजलेल्या टायरांच्या शेजारी मी उभी असते. फिरले म्हणाल तर फार नाही, पण हात इतके लागले की मोजदाद नाही.

कारखान्यात आम्ही दोघी बहिणी एकाच साच्यातून निघालो. तोच रंग, तीच कातडी आसनं, तेच दिवे. फरक फक्त पोटातला. तिच्यात चार सिलिंडर, म्हणून ती धाकटी; माझ्यात सहा. ती शांत, बेताचं खाणारी, गर्दीतून निमूट वाट काढणारी. मी जरा पाय लागला की झेपावणारी. एकाच घरात देवानं दोन स्वभाव द्यावेत, तसं.

शोरूममध्ये एक नेम होता. रोज सकाळी मला पुसायचं, आरसे लख्ख करायचे आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. नेम फार चांगली गोष्ट असते. आपली कुणाला तरी आठवण आहे, एवढा धीर त्यातून मिळतो.

मग गिऱ्हाइकं येत. मला बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर नेत आणि लहान मुलांसारखी ओरडत, "काय पळते हो ही!" परत आल्यावर मात्र विचारात पडत. एकदा एक नवरा हट्टाला पेटला होता, "घेईन तर सहाच सिलिंडर!" त्याची बायको शांतपणे म्हणाली, "घरापासून ऑफिसपर्यंत अकरा सिग्नल आहेत. त्यात कुठून उड्डाण करणार आहात?" झालं. ते धाकटीसारखीच दुसरी चार सिलिंडरवाली घेऊन गेले. असंच व्हायचं. कौतुक माझ्या वाट्याला, घर चारवालीच्या.

मी कुणाला दोष देत नाही. पण संध्याकाळी शोरूमचे दिवे मालवले की काचेत माझीच सावली दिसायची, आणि तिच्याशी तरी किती बोलणार?

एके दिवशी एक दातांची डॉक्टर आपल्या वडिलांना घेऊन आली. त्यांनी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या. त्याच पगारावर मुलीला शिकवलं होतं. आता तिला त्यांच्यासाठी गाडी घ्यायची होती, आणि तीही साधीसुधी नाही.

सेल्समननं त्यांच्या हातात माझी किल्ली दिली. त्यांनी आधी माझ्या बोनेटवर तळवा ठेवला, क्षणभर डोळे मिटले. मग मागे गेले, मागचं दार उघडलं आणि ताठ उभे राहिले. मुलगी फोनवर कुणाला तरी दाढदुखीचं औषध सांगत होती. तीही त्याच नादात आत जाऊन बसली.

"बाबा!" ती एकदम भानावर आली. "हे काय?"

"अगं, हाताला सवय," ते ओशाळून म्हणाले.

ती खाली उतरली आणि पुढे, त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिचे डोळे भरले होते. म्हणूनच की काय, पुढचं काही तिच्या लक्षात आलं नाही.

माझ्या मात्र आलं. ते मला इतक्या हळुवारपणे चालवत होते की मला माझाच आवाज नव्यानं ऐकू आला. जोराचं इंजिन सगळेच दामटतात. त्याला सावकाश चालायला कुणी सांगत नाही. पण रस्त्यावरची पाटी वाचताना ते डोळे बारीक करत होते. झाडाच्या सावलीत शिरलं की वेग उतरवत होते.

परत आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "किती दिवसांत मिळेल?"

सेल्समन म्हणाला, "सहा सिलिंडरवाली मागवावी लागेल काका, आठ महिने धरा. चारवाली तयार आहे, परवा न्या. नाहीतर मग हीच घ्या ना! आजच्या आज देतो."

मित्रांनो, त्या एका क्षणात मी अख्खं घर बांधलं. फाटक, अंगण, सकाळचा बोनेटवरचा तळवा.

"ही?" मुलगी म्हणाली. "शंभर जणांनी चालवलेली? नाही हो. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्याच गाड्या चालवल्या. त्यांची स्वतःची कोरी हवी. आठ महिने थांबू आपण."

वडिलांनी तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग हसून म्हणाले, "मला चारवालीच बरी."

"बाबा, तुम्ही नेहमी कमीच मागता. आज तरी नका ना!"

"अगं, म्हाताऱ्याला कुणाशी शर्यत लावायचीय?"

ती हिरमुसली. फुगलेल्या गालांनीच कागदांवर सह्या करायला आत गेली. ते माझ्यात एकटेच बसून राहिले. स्टिअरिंगवर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुला न्यायला फार आवडलं असतं गं. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. उजेडात, ओळखीच्या रस्त्यानं, फार तर वर्ष-सव्वा वर्ष चालवता येईल. आठ महिने वाट बघण्यात घालवले तर उरलं काय? आणि पोरीला सांगितलं तर रडत बसेल, गाडी राहील बाजूला." मग स्वतःशीच हसले. "दातांची डॉक्टर ना ती. डोळ्यांत बघायची सवय नाही तिला."

ते गुपित माझ्यापाशी राहिलं. दुसऱ्या कुणाला सांगणार मी?

पुढे नवं मॉडेल आलं आणि मला मागच्या शेडमध्ये ढकललं. नेम मोडला. काचांवर धूळ बसली, बॅटरी उतरली. आणि एका सकाळी धाकटीच्या आवाजानं मला जाग आली. काकांनी शेवटी तिलाच घेतलं होतं; तिला सर्व्हिसिंगला घेऊन ते आले होते. मला शोधत मागे आले, किल्ली फिरवली. नुसतं टक टक.

त्यांनी वर्कशॉपच्या वस्तादांना गाठलं. "माणसाला पाणी विचारता, हिला नाही विचारत?"

"काका, चालत्या गाड्यांनाच हात पुरत नाहीत," वस्ताद कुरकुरले. पण त्यांनी बॅटरी चार्जिंगला लावली.

त्या दिवसापासून काकांनी पंधरा दिवसांचा नेम धरला. यायचं, धाकटीला माझ्या शेजारी लावायचं, मला दहा मिनिटं चालू ठेवायचं. तेवढा वेळ आम्ही बहिणी बोलायचो. ती सांगायची, आज तळ्यावर गेलो, आज त्यांच्या शाळासोबत्याकडे गेलो, आज नुसतेच भटकलो. मी ऐकायचे. हेवा वाटायचा, पण आनंदही.

त्यांनी गाडी घेतल्याला चौदा महिने होईपर्यंत हे असंच चाललं. मग दोन महिने कुणीच आलं नाही. माझी बॅटरी उतरून गेली.

परवा दुपारी धाकटी आली. चालवत होती मुलगी. ती खाली उतरली आणि तिनं मागचं दार उघडून धरलं. वडील चाचपडत बाहेर आले.

"मागे का हो बसलात काका?" वस्तादांनी विचारलं.

"जन्मभर मागची सीट कशी असते ते बघायचं राहिलं होतं. बरी असते. रस्ता दिसत नाही एवढंच." मग थांबून म्हणाले, "आता पुढूनही दिसत नाही म्हणा. डॉक्टरांनी आता चालवू नका म्हटलं, त्याच दिवशी किल्ली हिच्या हातात दिली."

 वस्तादांनी दुसरी बॅटरी आणून जोडली. काका माझ्यात बसले, मुलगी शेजारी.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना?" ती म्हणाली. "आणि मी आपली मोठं इंजिन, मोठं इंजिन करत बसले. हीच घेतली असती तर?"

"चौदा महिने चालवली मी. माझी, कोरी गाडी. मला काही कमी पडलं नाही."

त्यांनी ॲक्सिलरेटर हलकेच दाबला. वेगाचा काटा शून्यावरच होता, पण इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा दुसरा काटा चढत गेला आणि माझे सहाही सिलिंडर गाऊ लागले.

"कुठे चाललोय बाबा?"

"बाहेरच्या रस्त्याला लागलोय," ते म्हणाले. "काच खाली कर. वारा येऊ दे."

तिनं काच खाली केली.

मित्रांनो, गाडी घ्याल तेव्हा इंजिन जरूर तोलूनमापून निवडा. पण ज्याच्यासाठी घेताय, त्याच्या डोळ्यांत आधी बघा. त्याच्याकडे किती दिवस आहेत ते विचारा. आणि तुमच्या ओळखीचं कुणी असं शेडमध्ये उभं असेल, तर पंधरा दिवसांतून दहा मिनिटं त्याला द्या. एवढा नेम कुणालाही जमतो.

जाताना मुलगी काच वर करायची विसरली. आत धूळ येते. येऊ दे.