सतरा नंबर

मित्रांनो, मी एक जुना पोलादी ठसा आहे, तुमच्या करंगळीएवढा. माझ्या तोंडावर उलटा सतरा कोरलेला आहे. धातूवर मला टेकवून डोक्यात हातोडी घातली, की खाली सुलटा सतरा उठतो. डोक्यात मार खाणं हाच माझा जन्मभराचा धंदा.

आमच्या कारखान्याची एक रीत होती. ज्याने भाग कातला, त्यानेच त्यावर आपला नंबर मारायचा. म्हणजे चूक निघाली तर माणूस सापडतो. सतरा हा नंबर लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या एका बाईंचा. सगळे त्यांना ताई म्हणत. तेव्हा तिथे पाण्याच्या पंपांचे भाग बनत, आणि ताईंच्या हातचा भाग कधी परत आला नाही. सुपरवायझर म्हणे, "सतरा दिसला की तपासत बसू नका रे." माझी छाती फुगे. कधी एप्रनच्या खिशातून मी चुकून घरी जाई. मग ताईंची छोकरी अंघोळीच्या साबणावर मला दाबून दाबून तो विद्रूप करून टाकी.

पुढे पंपांना गिऱ्हाईक राहिलं नाही. निम्मे लेथ बंद पडले. तेवढ्यात युद्ध सुरू झालं आणि तोफगोळ्यांची ऑर्डर आली. सरकारातले मोठे साहेब कारखान्यात आले, गळ्यात हार घालून घेतले आणि म्हणाले, "घराघरात पगार आला, तो आमच्या धोरणामुळे!" टाळ्या पडल्या. ताईंनीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, घरात पुन्हा दूध येऊ लागलं होतं.

मग एक दिवस पोलाद बदललं. ताईंनी पहिलीच कांब कातायला घेतली आणि हात थांबवला. आत मोहरीएवढी भोकं होती.

"साहेब, हे पोलाद आहे की पाव?" त्यांनी सुपरवायझरला विचारलं.

"स्वस्तात मिळालंय, ताई. वरून मंजूर झालंय. तुम्ही नंबर मारा."

"आणि फुटला तर?"

"फुटण्यासाठीच असतो की तो!" सुपरवायझर आपल्याच विनोदावर हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "गेटवर चाळीसजणी उभ्या आहेत, हा लेथ मागायला."

ताईंनी भोकांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी मला टेकवलं आणि हातोडी मारली. मला नाही म्हणता येत नव्हतं. त्यांना येत होतं. पण घरी छोकरी होती.

महिनाभरात एक गोळा तोफेतच फुटला. तोफेपाशी उभा असलेला विशीतला पोरगा गेला. राखेतून गोळ्याचं बूड सापडलं, त्यावर सतरा. पुढे युद्धही हरलो, ऑर्डर गेली, कारखान्याला टाळं लागलं. सरकारातले ते मोठे साहेब पुन्हा भाषणाला उभे राहिले. "कामगारांच्या हलगर्जीपणाने हे दिवस आले!" पुन्हा टाळ्या. पगार धोरणाने आला होता. टाळं मात्र सतरा नंबरने आणलं.

ताईंना चौकशीची नोटीस आली. शेजारणी बोलेनाशा झाल्या. आणि एका दुपारी त्या पोराची आई दारात येऊन उभी राहिली.

"सतरा नंबर तुमचा?"

"माझाच." ताईंची मान खाली. "पोलाद सडकं होतं. मला दिसलं होतं. तरी मारला नंबर."

ती आई पायरीवर बसली.

"तुम्हाला मी माफ करणार नाही, बाई," ती म्हणाली. "पण ते पोलाद घेतलं कुणी?"

"मंजुरीच्या कागदावर सही कुणाची आहे, ते मला कुणी दाखवलं नाही."

"मग उठा. दोघी जाऊन विचारू."

ताईंनी मला पदरात बांधलं आणि निघाल्या. तेव्हापासून दोघी रोज चौकशी कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसतात. एकमेकींशी फारसं बोलत नाहीत, पण डबा मध्ये ठेवून खातात. शिपाई रोज सांगतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

मित्रांनो, मला तेल लावा, गंजू देऊ नका, असलं काही मी मागत नाही. त्या रस्त्याने कधी गेलात तर बाकावर जरा टेका, आणि तोच प्रश्न तुम्हीही मोठ्याने विचारा. दोन बायांच्या आवाजाने ते दार काही उघडत नाही.